रुग्ण म्हणतो

आमच्या घरात मला अळंबीबाई म्हणतात. नाव जाऊबाईंनी ठेवलं, आणि जाऊबाईंनी एकदा नाव ठेवलं की ते जन्माला चिकटतं. बावीस वर्षं मी अपघात विभागात काढली. टाके घातले, छात्या दाबल्या, मेलेल्यांचे डोळे मिटले, तेव्हा कुणी कौतुकानं एक नाव ठेवलं नाही. पण तीन वर्षांपूर्वी अळंबीच्या औषधाच्या चाचणीत काम धरलं आणि सगळ्यांच्या जिभा सैल झाल्या. "काय वहिनी, आज किती जणांना आकाशात पाठवलंत?" दीर विचारतात. मी म्हणते, तुम्हाला पाठवायला औषध कशाला लागेल, तुम्ही जमिनीवर असता तरी कधी?

थट्टा सोडा. रानात उगवणारी एक अळंबी असते. ती खाल्ली की भिंती श्वास घ्यायला लागतात, गाण्याला रंग येतो, पाच मिनिटांचा तास होतो. तिच्यातला तो एक पदार्थ वेगळा काढून, मिलिग्रॅमवर मोजून, कॅप्सूलमध्ये भरून आम्ही देतो. कुणाला? ज्यांचं दुःख कुठल्याच गोळ्यांनी हललं नाही त्यांना. मौज नाही ती. साठीचा माणूस आई आई करत कोचाखाली शिरताना मी पाहिलाय. बादलीत ओकणारे, कपड्यांत लघवी करणारे, आपणच मेलोय असं समजून शांतपणे हात छातीवर घेऊन पडणारे, सगळे पाहिलेत. आणि त्यातलेच काही संध्याकाळी तोंड धुऊन, हलके होऊन घरी गेलेले पण पाहिलेत. म्हणून टिकले मी तिथे.

माझं काम म्हणजे बसणं. खोलीत एक कोच, एक दिवा, खिडकीला जाड पडदा. रुग्णाच्या डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत. सहा तास दोघींनी जवळ बसायचं, मी आणि एक मानसशास्त्र शिकलेली चष्मेवाली पोरगी. अर्ध्या तासाला बीपी बघायचं, बादली धरायची, कोपराला धरून संडासला न्यायचं आणि वहीत लिहायचं. खोलीत कॅमेरा नसतो, लोकांची लाज राखायची म्हणून. त्यामुळे वहीच सगळं. वेळ टाकायची, 'रुग्ण म्हणतो' असं लिहायचं, आणि पुढे त्याचे शब्द जसेच्या तसे.

नियम मोजून दोन. पहिला, स्पर्शाचा. कुठे हात लावलेला चालेल हे रुग्ण आदल्या दिवशी शुद्धीत कागदावर लिहून देतो. औषध चढल्यावर दिलेला होकार धरायचा नाही. दुसरा नियम, आपल्या पदरचं काही बोलायचं नाही. त्या सहा तासांत माणूस भिजवलेल्या कणकेसारखा असतो, बोट दाबलंत की खूण राहते. म्हणून आम्हाला एकच वाक्य बोलायची परवानगी: "जे दिसतंय त्याच्याकडे जा, आणि त्याला विचारा, काय हवंय." घाबरला, हे म्हणा. रडला, हे म्हणा. मी हे वाक्य तीन वर्षांत इतक्यांदा म्हटलंय की झोपेत बरळते, असं नवरा सांगतो.

तर ड्रायव्हरदादा. एक्कावन्न वर्षांचे, सव्वीस वर्षं सिटी बस चालवलेली, बसला ओरखडा नाही. आणि दोन वर्षांपूर्वी एका थांब्यावर आठ वर्षांची एक मुलगी मागच्या चाकाखाली आली. चौकशी झाली. ड्रायव्हरचा दोष नाही असं लेखी मिळालं.

"कागद कपाटात आहे," पहिल्या दिवशी ते मला म्हणाले. "मी कपाटच उघडत नाही. बायको कपडे काढून देते."

त्यांना खाणारी गोष्ट वेगळीच होती. ते बसमधून खाली उतरलेच नव्हते. लोक ओरडत होते, कुणीतरी मुलीला उचललं, आणि हे स्टिअरिंग धरून समोर बघत बसले. पोलीस येईपर्यंत मान वळवली नाही. "मी तिला बघितलंच नाही, ताई. पेपरात फोटो आला, तेवढंच. एवढा मोठा बाप्या मी, खाली उतरून बघायची छाती झाली नाही." तेव्हापासून झोप नाही, जेवण नाही, बस तर नाहीच. एकदा पुलाच्या कठड्यावरून लोकांनी ओढून आणलं होतं. बायको दमून गेली होती. "माणूस घरात आहे आणि नाही," म्हणाली, "हे औषध शेवटचं बघा. यानंतर माझ्याकडे काही उरलं नाही." नऊ प्रश्नांचा आमचा एक फॉर्म असतो, प्रत्येकाला शून्य ते तीन. दादांचे सत्तावीसपैकी तेवीस आले होते. शेवटच्या प्रश्नाला, 'आपण नसलेलं बरं असं किती दिवस वाटलं', तीन. स्पर्शाच्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'हात. मी मागितला तर.'

कॅप्सूल नऊ वाजता दिली. पाऊण तासात जांभया सुरू झाल्या, ते लक्षणच आहे. मग घाम, मळमळ, पट्टी जरा उचलून बघितलं तर बुबुळं बशीएवढी. साडेदहाला म्हणाले, कोच चालतोय, गियर सापडत नाही. अकराला रडायला लागले. साडेबारापर्यंत ते रडणं राहिलं नव्हतं, ओरडणं झालं होतं. चष्मेवाली दोन घास खायला खाली गेली होती, एका वेळी एकीनं जायची मुभा असते. मी एकटी. बीपी एकशे नव्वदवर.

"पाठमोरी उभी आहे," ते ओरडत होते. "वळत नाही. ताई, ती वळत नाही!"

"तिच्याकडे जा, दादा. विचारा, काय हवंय."

"गेलो. विचारलं. वळत नाही."

हे वाक्य मी नऊ वेळा म्हटलं. मोजलेत. नवव्या वेळेला त्यांनी स्वतःचं कपाळ कोचाच्या लाकडी कडेवर आपटायला सुरुवात केली. आता इथे माझा स्वभाव आड आला. मला लोकांचं कुथत बसणं सहन होत नाही. अपघात विभागात आम्ही वाट बघत नसतो, रक्त येतंय तर बोट दाबतो, मग कागद. मी उशी मध्ये घातली, त्यांच्या कानातलं संगीत काढलं आणि बोलून गेले, "अहो, वळली बघा! बघा, हसतेय. माफ केलं तिनं तुम्हाला. ऐका, म्हणतेय, काका, माफ केलं."

ते थांबले. अंगातला सगळा ताण पाण्यासारखा उतरला. "वळली," म्हणाले. "हो. हसतेय. दोन वेण्या आहेत. लाल रिबिनी." मग हुंदके देऊन रडले, पण ते वेगळं रडणं होतं, बावीस वर्षांत मला तेवढा फरक कळायला लागलाय. बीपी एकशे तीस. मी वही उघडली. १२.४० – रुग्ण म्हणतो: ती वळली. हसते आहे. दोन वेण्या, लाल रिबिनी. म्हणाली, काका, माफ केलं.

खोटं होतं का ते? शेवटी ते स्वतः म्हणालेच की. आधी कोण म्हणालं, तेवढंच मी लिहिलं नाही. चष्मेवाली परत आली, तिलाही सांगितलं नाही. मनात म्हटलं, माणूस वाचला, आता तोंडाला कुलूप.

पुढच्या आठवड्यात फॉर्मवर दोन आले. तेवीसवरून दोन! मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून चहा पाजला, जो माणूस बिस्किटसुद्धा मोजून खातो. दादांच्या बायकोचा फोन आला, "सिस्टर, काल माझ्याशी भांडले! दोन वर्षांनी भांडले हो!" आणि ढसाढसा रडायला लागली. मीही रडले, खोटं कशाला सांगू. त्या आठवड्यात जाऊबाईंनी अळंबीबाई म्हटलं तर मला गोड लागलं.

तीन महिने होत आले तेव्हा एक बाई मला भेटायला आली. पस्तिशीची असेल, टपाल कचेरीत खिडकीवर काम करणारी, कामाच्याच कपड्यांत, जेवणाच्या सुट्टीत आलेली. बसली आणि म्हणाली, "मी त्या मुलीची आई."

मी उठून दार लोटून घेतलं.

दादा तिच्या घरी गेले होते. का, तर आमचं वाक्य. जे दिसतंय त्याच्याकडे जा. औषधात ऐकलेलं ते त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलेलं, आणि ते खरंच चालत तिच्या दारात जाऊन उभे राहिले. तिला सांगितलं, तुमची मुलगी मला भेटली, आनंदात आहे, तिनं मला माफ केलं.

"मी त्यांना आत घेतलं," ती म्हणाली. "का घेतलं, मलाच कळत नाही. नवऱ्याला अजून सांगितलं नाही, तो त्यांचा जीव घेईल." तिनं पर्समधून दादांच्या हातची चिठ्ठी काढली. माझ्याबद्दल लिहिलेली वही यांना वाचून दाखवावी, माझी परवानगी आहे, खाली सही.

"सिस्टर, माझी पोरगी दोन वर्षांत एकदा माझ्या स्वप्नात आली नाही. आणि त्यांच्याकडे गेली. जाऊ दे, गेली तर गेली, मुलं कुणाकडेही जातात." हसायचा प्रयत्न केला तिनं. "मला एवढंच विचारायचंय. माझ्याबद्दल काही बोलली का? त्या दिवशी सकाळी ती माझ्यावर रुसून गेली होती. माझ्याशी बोलली नव्हती."

वही माझ्यासमोर होती. त्यात आईचं नावही नव्हतं. मी त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं आणि तेच झालं जे कोचापाशी झालं होतं. रक्त येतंय, बोट दाब. म्हटलं, माझ्या बापाचं काय जातंय? ही तर औषधातही नाही, शुद्धीवरची बाई, एका वाक्यानं हिचा जन्म सुटेल.

"हो," मी म्हटलं. "म्हणाली, आईवर राग नाही माझा."

काय तिचा चेहरा झाला! दोन्ही हात तोंडावर घेतले तिनं. मी तिला पाणी दिलं, माझेही डोळे भरले, स्वतःचंच कौतुक वाटलं मला, मेलीला. पाणी पिऊन ती म्हणाली, "आणि दिसत कशी होती? केस कसे होते?"

आता मला वहीत बघून खरं सांगता येणार होतं, याचा आनंद झाला. मी बोट ठेवून वाचलं, "दोन वेण्या. लाल रिबिनी."

तिनं पेला खाली ठेवला.

"वेण्या पेपरातल्या फोटोत होत्या," ती म्हणाली. "तो शाळेतला जुना फोटो. उवा झाल्या होत्या म्हणून रविवारी मी तिचे केस कापले. पोरासारखे, कानाच्या वर. ती रडली, म्हणाली शाळेत हसतील, आई तू दुष्ट आहेस. त्यावरूनच तर रुसली होती. सोमवारी गेली." मग तिनं माझ्याकडे बघितलं. टपालाच्या खिडकीतून चुकीचा पत्ता लिहिणाऱ्याकडे बघतात ना, तसं. "जिचे केस मी कापले ती वेण्या घालून येऊन म्हणते, आईवर राग नाही? सिस्टर, तुम्ही इथे लिहिता की रचता?"

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं. दादा कपाळ आपटत होते, मी एकटी होते, वाक्य माझं होतं. दोन्ही वाक्यं माझीच होती. ती ऐकत राहिली. उठताना म्हणाली, "म्हणजे ती त्यांच्याकडेही गेली नाही. कुणाकडेच गेली नाही." दारात थांबली. "त्यांना मी सांगणार नाही. माझ्या घरात बसून ते लहान पोरासारखे रडलेत. ते तुम्ही सांगा. तुमचं आहे."

संध्याकाळी मी मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन वेळा. मग म्हणाले, "रुग्णाला सांगावंच लागेल, नियम आहे. मला वर कळवावं लागेल. पण गुरुवारी त्यांचा तीन महिन्यांचा फॉर्म आहे. आधी फॉर्म भरून घ्या, मग सांगा."

"का, सर?"

"नाहीतर आकडा जाईल, सिस्टर."

माझ्या नाकाच्या शेंड्यावर आलेला राग मी गिळला. मी त्यांना काय बोलणार होते? चोराच्या उलट्या बोंबा झाल्या असत्या. एवढंच म्हटलं, त्या वेळी तुम्ही शेजारच्या खोलीत थांबा. हो म्हणाले.

गुरुवारी दादा आले ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाले, डेपोत बोलणं झालंय, पुढच्या महिन्यापासून चौकशी खिडकीवर बसवणार आहेत, बस नंतर बघू. आमच्या त्याच खोलीत, त्याच कोचावर बसून त्यांनी फॉर्म भरला. "शून्य, शून्य, शून्य," म्हणत होते. "शाळेत एवढे शून्य मिळाले असते ना ताई, बापानं उभा सोलला असता." नवव्या प्रश्नालाही शून्य. फॉर्म माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. फिरवून नाही, सरळ. ती वळली असं आधी मी म्हणाले. माफ केलं हेही मी म्हणाले. वेण्या फोटोतल्या होत्या, तिचे केस कापलेले होते. चूक माझी, तुमची नाही. वाटेत सात वेळा घोकलेलं होतं, तेवढंच बोलले.

ते समोर बघत राहिले. तसेच बसले असतील त्या दिवशी स्टिअरिंग धरून, असं मला वाटलं.

"म्हणजे ती वळली नव्हती."

"मला माहीत नाही, दादा. तुम्ही काय बघितलं ते–"

"नाही. तुम्हाला माहीत आहे." आवाज चढला नव्हता. "मी तिच्या आईच्या घरी जाऊन बसलो, ताई. चहा प्यायलो तिच्या हातचा. माफ केलं म्हणून सांगून आलो तिला. तिला." मग हात पुढे केला. "तो फॉर्म द्या जरा."

द्यायला नको होता. आकडा झालेला होता, सही झालेली होती. मी दिला. त्यांनी खोडाखोड केली नाही. प्रत्येक शून्यावर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी तीन लिहिलं. घाई नव्हती. नवव्यापाशी पेन थांबलं. मग तिथेही रेघ मारली, आणि तीन.

नवव्याला शून्य नसेल तर रुग्णाला एकटं सोडायचं नाही. मी भिंतीवरची घंटा दाबली. "मी बसते तुमच्याजवळ," म्हटलं, "सर येतायत, वहिनींनाही बोलावते," आणि हात पुढे केला.

त्यांनी हाताकडे बघितलं. "मी मागितला नाही," म्हणाले. मी हात मागे घेतला.

पडदा उघडा होता. बाहेर रस्त्यावरून बस गेली, काचा थरथरल्या. त्यांनी डोळे मिटले. औषध नाही, पट्टी नाही, नुसते मिटले.

"परत पाठमोरी उभी आहे," ते म्हणाले. "केस कापलेले आहेत आता. ताई, तुमचं ते वाक्य म्हणा ना."

तीन वर्षं झोपेत बरळलेलं वाक्य. ते कुठे उभे आहेत आणि तिच्याकडे जायचं म्हणजे कुठे जायचं, हे मला लख्ख दिसत होतं. पुलाचा कठडा दिसत होता.

"नका जाऊ," मी म्हटलं. "दादा, तिच्याकडे नका जाऊ. इथे बसा."

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मी खुर्ची ओढून दारासमोर ठेवली आणि तिच्यावर बसले. बाहेर डॉक्टरांच्या चपला वाजायला लागल्या होत्या. सवयीनं वही उघडली गेली. वेळ टाकली. 'रुग्ण म्हणतो' असं लिहिलं. दादा काही म्हणाले नाहीत, आणि या वेळी मीही पुढे काही लिहिलं नाही.